फैजपूरच्या तंबूत तुकाराम

फैजपूरच्या रस्त्यावर उभे राहा आणि एकेक गोष्ट वजा करत चला. आधी केळीचे ट्रक. मग डांबर, विजेच्या तारा, मोबाइलचा टॉवर, क्लासेसचे फलक, धनाजी नाना महाविद्यालयाची पाटी. केळीच्या बागा राहू द्या, पण विरळ करा, आणि मोकळ्या झालेल्या रानात कापूस नि ज्वारी पेरा. उत्तरेचा सातपुडा आहे तिथेच राहील, त्याचं काही वजा होत नाही. आता पायाखाली काळी माती लागेल, डिसेंबरचा गारठा कानात शिरेल. शेजारच्या मळ्यात कुणी पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजतंय. बामणोदकडची वांगी असणार. हा वास तुमच्या ओळखीचा आहे, बाकी काहीच नाही.

तारीख २५ डिसेंबर १९३६. मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाका, उगाच लोक विचारत बसतील.

समोर बांबूंचं एक गाव उभं आहे. नाव टिळकनगर. काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच शहर सोडून खेड्यात भरतंय आणि त्याचा मान तुमच्या फैजपूरला मिळालाय. कमानी बांबूच्या, भिंती तट्ट्यांच्या. शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आलेत आणि त्यांनी सगळी सजावट गावात मिळणाऱ्या वस्तूंतूनच केली आहे. टोपल्या, सुपं, गाड्याची चाकं, रोज अंगणात पडलेल्या या वस्तू त्यांनी अशा काही मांडल्यात की खुद्द त्या वस्तूंचे मालक तोंडात बोट घालून बघत उभे आहेत. ‘आपलंच सूप ना हे?’ एक म्हातारा मुलाला विचारतो. मुलगा म्हणतो, ‘हो बाबा, पन आता हात नको लावू.’

धावपळ करणाऱ्यांत धनाजी नाना चौधरी दिसतील. सरकारी नोकरी सोडून हा माणूस चळवळीत आला. अंमळनेरच्या शाळेतली मास्तरकी सोडलेले साने गुरुजीही इथेच कुठेतरी राबताहेत. टिळकनगरात फिरताना हे ध्यानात येतं की इथला निम्मा माणूस काही ना काही सोडून आलेला आहे. कुणी वकिली, कुणी कॉलेज, कुणी घर. आणि या सगळ्यांत मोठं सोडणं ज्याचं, तो आज ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनाचं उद्घाटन करतोय. गांधींनी १९३४ सालीच काँग्रेसचं साधं सभासदत्वसुद्धा सोडलं आहे. कागदावर त्यांचा या अधिवेशनाशी संबंध नाही. तरी आजूबाजूच्या खेड्यांतून बैलगाड्या जोडून लोक निघालेत ते कुणाला बघायला, हे तुम्हीच गर्दीत कान देऊन ऐका. ठरावाचं नाव कुणाच्या तोंडी नाही.

अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक बैलांच्या सहा जोड्या लावलेल्या रथातून. मुंबईहून धावपटूंनी हातोहात मशाल आणली आहे. झेंडा वर चढताना मध्येच अडकेल आणि शिरपूरकडचा एक पोरगा त्या उंच काठीवर सरसर चढून तो सोडवेल. पोरगा खाली उतरला की त्याला खांद्यावर घेण्यासाठी जी झोंबाझोंबी होईल, ती चुकवू नका. सकाळपर्यंत त्याला त्याच्या गल्लीपलीकडे कुणी ओळखत नव्हतं.

पण आपण इथे अधिवेशनासाठी आलेलो नाही. तुम्हाला भेटायचंय ते स्वयंसेवकांच्या भोजनशाळेमागे भांडी विसळत बसलेल्या एका मुंबईकराला. गिरगावातला आहे. पांढरी टोपी, घसा बसलेला. त्याच्या शेजारी जाऊन एक पातेलं ओढून घ्या आणि घासायला लागा. बोलायला तो आतुर आहे, पण इथे विषय काढायची चोरी. महात्माजींना सिनेमा आवडत नाही हे छावणीत सर्वांना ठाऊक आहे.

‘तुम्ही पाहिलात का हो?’ तो आवाज खाली आणून विचारतो. ‘प्रभातचा तुकाराम?’

१२ डिसेंबरला मुंबईच्या सेंट्रल सिनेमात प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ लागलाय. जेमतेम दोन आठवडे होताहेत. तो पुढे तिथे सत्तावन्न आठवडे चालणार आहे, व्हेनिसच्या महोत्सवात पुढच्या वर्षी जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत गणला जाणार आहे. हे तुम्हाला माहीत आहे, त्याला नाही. गप्प राहा.

‘अहो, आमच्या वडिलांनी ओळखलंच नाही त्याला,’ तो सांगतो. ‘पागनीस म्हणजे बाईच्या पार्टातला माणूस! स्वदेशहितचिंतक मंडळीत नऊवारी नेसून उभा राहिला की थेटर वेडं व्हायचं म्हणतात. मग सोडलं सगळं. मुंबईत गाणं शिकवायचा, भजनं म्हणायचा. आणि आता हा असा, वीणा घेऊन. वडील रडत होते. आमचे वडील! आजी गेली तेव्हा रडले नाहीत.’

पातेलं खाली ठेवा आणि या गृहस्थाविषयी जरा विचार करा. विष्णुपंत पागनीस, जन्म १८९२, गाव चिकोडी. संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाला त्या काळी जे मिळायचं ते सगळं त्यांना तरुणपणीच मिळालं. शालू, दागिने, टाळ्या, पुरुषांच्या नजरा, घराघरांतल्या बायकांनी उचललेली पदर घ्यायची तऱ्हा. ही कीर्ती मोठी विचित्र असते. वय वाढतं, गळा बदलतो, जबडा रुंदावतो आणि एका दिवसात ती संपते. त्याआधी आपणच तिच्यातून उठून जायचं शहाणपण फार थोड्यांना सुचलं. बालगंधर्वांचं उदाहरण ताजंच आहे. १९३५ साली याच प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते पुरुषवेषात, संत एकनाथ होऊन आले. दिग्दर्शक शांताराम. बालगंधर्वांना कॅमेऱ्यापुढे करमलंच नाही. समोर माणसं नाहीत, ‘वन्स मोअर’ नाही, मग गायचं कुणासाठी? एका चित्रपटात तो करार आटोपला आणि ते पुन्हा शालू नेसून रंगमंचावर गेले. एकनाथ काही त्यांच्या अंगी लागला नाही.

पागनीसांच्या निवडीबद्दलही प्रभातमध्ये शंका होत्याच. जन्मभर बायकी चालीत वावरलेला माणूस तुकाराम कसा होणार? दामले आणि फत्तेलाल हे दोघे दिग्दर्शक मात्र हटले नाहीत. मला विचाराल तर ती चालच त्यांना हवी होती. तो तुकाराम कुणाशी पुरुषासारखा भांडत नाही. खांदे पाडून, मान एका बाजूला कलती ठेवून तो समोरच्याचं सगळं ऐकून घेतो. वर्षानुवर्षं शालू सावरलेल्या हातांनी तो वीणा धरतो. त्या हातांना कुठे जोर लावायचा नाही हे पाठ आहे.

हे त्या गिरगावकराला सांगू नका. त्याला म्हणा, ‘येईल हो इकडेही.’

तो हसतो. ‘इथे? या केळीत?’

आता थोडं पुढे सरकायचंय. दोनेक वर्षं. टिळकनगरचे बांबू कधीच उतरलेत. रान पुन्हा रान झालंय. अधिवेशनातला शेतकऱ्यांच्या मागण्यांचा ठराव गावात अजून चर्चेत आहे, सावकार अजून तिथेच आहे. फाल्गुन सुरू व्हायचा आहे, ज्वारी खळ्यावर आली आहे आणि गावाबाहेरच्या पडीत शेतात तंबू लागलाय.

टुरिंग टॉकीज बघितली नसेल तर जरा निवांत बघा. दिवसा बैलगाडीवर बोर्ड लावून, ताशा वाजवत एक माणूस गल्लीगल्लीतून ओरडत फिरला. अंधार पडल्यावर तंबूमागे इंजिन धडधडू लागलं. भोवताली सगळा कंदिलांचा गाव आणि मध्ये हा एक विजेचा दिवा. त्यावर किडे, किड्यांखाली पोरं. खाली बसणाऱ्यांना दोन आणे, मागे बाकं आहेत तिथे जास्त. बायका एकीकडे, बाप्ये एकीकडे, मध्ये दोरी. फुटाणेवाला दोरीच्या दोन्ही बाजूंना फिरू शकतो, त्याचा कुणाला संशय येत नाही.

दोन आणे द्या आणि खाली बसा. बाकावर बसलात तर अर्धा खेळ हुकेल, कारण अर्धा खेळ जमिनीवर चालू आहे.

तंबूच्या तोंडाशी जोड्यांचा ढीग बघा. कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या बाईने वहाणा बाहेर काढल्या, मग तिच्या मागचीने, मग सगळ्यांनी. मालक आधी वैतागला, आता गप्प आहे. पडद्यासमोर कुणी नारळ आणून ठेवलाय. एका कोपऱ्यात गंधाची वाटी फिरतेय. पलीकडच्या गल्लीतले माळकरी बुवा टाळ घेऊन आलेत. मुक्ताईच्या दिंडीत दरसाल जाणारे, सिनेमा या वस्तूला आजवर शिव्या देत आलेले. पोरं त्यांना चिडवायला टपली आहेत. बुवा पडद्याकडे बघत नाहीत, पडद्याच्या खालच्या जमिनीकडे बघत बसलेत. अजून.

दिवा विझतो.

पहिल्या काही मिनिटांतच तुम्हाला कळेल की गोष्टीत कीर्तीचा भुकेला कोण आहे. तो सालोमालो. भागवतांनी केलाय. देहूच्या देवळातला हा बुवा तुकारामाचे अभंग चोरतो, शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव घालतो आणि वर त्यांना बाजारी चाली लावतो. तुकारामाला याचं काही वाटत नाही, सालोमालोला मात्र रात्रंदिवस तुकारामाचं वाटतं. हे नातं शिवराम वाशीकरांनी फार सुंदर लिहिलंय. गावात कुणाचं नाव होतंय यावर एकाची झोप उडालेली आणि दुसऱ्याला आपलं नाव होतंय हेच माहीत नाही.

सालोमालो सुंदरा नावाच्या नाचणारणीला तुकारामाकडे पाठवतो. तंबूत शिट्ट्या पडतात. त्यासाठी दोन आणे दिलेलेही आहेत, खोटं कशाला बोला. ती येते, नखरा करते आणि तुकाराम गातो. त्या गाण्यात शिक्षा नाही, उपदेशाचा आव नाही. ती ऐकता ऐकता बसते, घुंगरांचे पाय पोटाशी घेते. बाप्यांच्या बाजूच्या शिट्ट्या थांबतात. दोरीच्या पलीकडे नाक ओढल्याचा आवाज येतो. प्रसिद्धी सोडून देवाकडे वळलेलं या चित्रपटातलं खरं पात्र हेच. तुकारामाने काही सोडलेलं नाही, त्याच्याकडे होतंच काय? सुंदराकडे रूप होतं, गिऱ्हाईक होतं, नाव होतं. आणि तिच्यासमोर बसून गाणारा माणूसही एकेकाळी रूपावरच जगलेला. पडद्यावर दोघेही त्यातलेच आहेत. हे फैजपूरच्या तंबूत कुणाला ठाऊक नाही आणि त्याने काही अडतही नाही.

रीळ संपलं. यंत्र एकच असल्याने दर रिळाला थांबावं लागतं. दिवा लागतो, बिड्या पेटतात, पोरं पडद्यामागे जाऊन देव कुठे लपलाय ते बघून येतात. गाणी तोंडात बसू लागली आहेत. केशवराव भोळ्यांनी चाली भजनी मंडळांच्या अंगणातूनच उचलल्यासारख्या ठेवल्यात, त्यामुळे पहिल्या ऐकण्यातच पाठ होतात. एक गाणं ऐकून माळकरी बुवा पहिल्यांदा मान वर करतात. ‘गाथेत कुठेशी हाय हा अभंग?’ ते शेजाऱ्याला विचारतात. सापडायचा नाही, बुवा. तो शांताराम आठवल्यांनी लिहिलाय, पुण्यात, प्रभातच्या कचेरीत पगारावर असताना. भले भले जाणकार फसले, तिथे तुमचं काय? आठवल्यांची गंमत अशी की त्यांचं गाणं इतकं जमलं की त्यावरचं त्यांचं नावच पुसलं गेलं. सालोमालोच्या अगदी उलट.

पुन्हा अंधार, आणि तुकारामाची बायको आवली येते.

दोरीपलीकडच्या बायका सावरून बसतात, इतका वेळ त्या दर्शनाला आल्यासारख्या बसल्या होत्या. गौरी ही काही नटी नव्हे. प्रभातमध्ये किरकोळ कामं करणारी बाई, दामले-फत्तेलालांनी तिला थेट आवलीच्या जागी उभं केलं. म्हशीशी ती जशी बोलते तसं शहरातली नटी बोलू शकणार नाही. घरात दाणा नाही, पोरगं तापाने फणफणलंय आणि नवरा विठोबात रमलाय. ती पोराला एका हाताने ओढत देवळात नेते, दुसऱ्या हातात पायातली वहाण. देवावर उगारलेली.

तंबूत काय होतं ते ऐका. दोन क्षण कुणाच्या तोंडून शब्द नाही. मग बायकांच्या बाजूने एक आवाज येतो, जाड, वयस्क: ‘हान!’

हशा. टाळ्या. माळकरी बुवाही हसतात आणि मग उगाच टाळ सावरतात. वहाणा बाहेर काढून आत आलेल्या याच बायका आहेत.

शिवाजी महाराजांचा नजराणा येतो तेव्हाही असंच. रेशमी कपडे, दागिने. पोरं अंगावर चढवून नाचतात, आवली हरखते. आयुष्यात पहिल्यांदा या घरात काहीतरी चकाकतंय. तुकाराम सगळं परत पाठवतो. बाप्यांच्या बाजूने ‘पुंडलिक वरदा’चा गजर उठतो. बायकांच्या बाजूला शांतता. पोरांच्या अंगावरून कपडे उतरवताना गौरीचा चेहरा बघा, त्या शांततेचं कारण समजेल. त्या काळी मुंबई-पुण्याच्या समीक्षकांनी तुकारामाच्या त्यागाचं कौतुक भरभरून केलं. या दोरीच्या पलीकडे मात्र त्यागाचा हिशेब वेगळ्या वहीत मांडला जातोय.

चमत्कार येतात. दाणे, इंद्रायणीतून वर आलेल्या वह्या, शत्रूला जिकडे तिकडे दिसणारे शिवाजी. दामले मूळचे यंत्रातले माणूस आणि फत्तेलाल चित्रकार, त्यामुळे चमत्काराला लागणारी सुतारकी चोख आहे. आज तुम्हाला जोड दिसतील. इथे कुणाला दिसत नाहीत. एक पोरगा विचारतो की महाराज एवढे कसे झाले, आणि त्याचा बाप गंभीरपणे सांगतो, ‘देवानं केले.’ ते उत्तर तांत्रिकदृष्ट्याही फार चुकीचं नाही.

शेवटच्या रिळाआधी तुम्हाला एक फेरी मारून यायचंय. मुंबईला, पागनीसांकडे.

चित्रपट लागल्यापासून लोक त्यांना पागनीस मानायला तयार नाहीत. रस्त्यात पाया पडतात. तुकोबा म्हणून हाक मारतात. ते ज्याला हात लावतील तो प्रसाद. बाईच्या वेषात होते तेव्हा निदान रात्री रंग उतरवता यायचा, आरशासमोर बसून पुन्हा पुरुष होता यायचं. हा रंग उतरत नाही. रंगभूमी सोडून भजनात बसलेल्या माणसाला भजनानेच अशी कीर्ती दिली की तिच्यातून उठून जायला आता दारच नाही. कीर्ती सोडून कीर्तनाला जावं तर ती पुढच्या रांगेत आधीच येऊन बसलेली. पुढची वर्षं बघा: १९३९ साली संत तुलसीदास, १९४० साली नरसी भगत, १९४३ साली महात्मा विदुर. संत, भक्त, महात्मा. दुसरं काही करायला त्यांना कुणी बोलावलं नाही आणि बोलावलं असतं तर लोकांनी ते बघितलं नसतं. १९४३ सालीच ते गेले.

त्यांना याचा जाच झाला असेल का? मला वाटतं, फारसा नसेल. स्त्रीभूमिकेतला नट आयुष्यभर दुसऱ्याच्या नजरेत राहायला शिकलेला असतो. पण तो गिरगावकर म्हणाला तसं, ‘मग सोडलं सगळं,’ हे वाक्य जितकं सोपं वाटतं तितकं नाही. सोडणाऱ्याने सोडलं तरी बघणारे सोडत नाहीत. टिळकनगरात सभासद नसलेल्या म्हाताऱ्याभोवती जमलेली माणसं आणि पागनीसांच्या जिन्यात ओट्या घेऊन उभ्या राहिलेल्या बाया, दोन्हीकडे एकच हट्ट आहे. तू निघालास म्हणूनच तू आम्हाला हवास.

चला, तंबूत परत. रीळ लागलंय.

तुकाराम वैकुंठाला निघालाय. तो आवलीलाही चल म्हणतो. ती घर टाकून निघत नाही, तिला हे वेड रोजचंच. मग आभाळातून गरुड उतरतो, विमान हलतं. फैजपूरच्या तंबूत माणसं उभी राहिली आहेत. माळकरी बुवांचे टाळ सुरू झाले, यंत्राच्या धडधडीवर ठेका धरून. पडद्यावर पैसे फेकले जाताहेत. एक-दोन ठिकाणी बिंदीएवढी भोकं पडली, मालक ‘अरे पडदा! पडदा!’ म्हणून बोंबलतोय. कुणीतरी नारळ फोडला. पाणी पुढच्या रांगेतल्या पोरांवर उडालं आणि त्यांनी तीर्थ म्हणून डोक्याला लावलं. धावत बाहेर आलेली आवली मान वर करून बघत राहते. तिच्यावरचा कॅमेरा फार वेळ हलत नाही.

दिवा लागतो. जोड्यांच्या ढिगात ज्याचे त्याचे जोडे शोधण्याची झुंबड. बुवा म्हणताहेत, उद्या पुन्हा यायला पाहिजे, तो अभंग उतरवून घ्यायचाय. इंजिनवाला चाकाला फडकं मारतोय. बायकांचा घोळका कंदील घेऊन गावाकडे वळलाय, त्यांच्या मागे मागे चाला, पण अंतर ठेवा.

‘काय भाग्याचा मानूस,’ एक तरुण सून म्हणते. ‘देवाचं इमान आलं न्यायला.’

‘हो ना वं,’ मघाचा तो जाड आवाज म्हणतो, ‘अन् म्हशीचं दूध कोन काढीन मंग?’

सगळ्या हसतात. सुनेलाही हसू येतं, मग ती म्हणते, पन आत्याबाई, तो बोलवत व्हता ना तिला. आत्याबाई म्हणतात, बोलवाले काय जातं, पोरं कोनापाशी ठेवती ती? आणि तिथून त्या दोघींचं जे सुरू होतं ते घर येईपर्यंत मिटत नाही. वाद ऐकायला तुम्हाला आवडेल, पण रस्ता दोन ठिकाणी फुटतो आणि आत्याबाई डावीकडच्या गल्लीत वळतात, अजून बोलतच.